अपंगत्व, कौटुंबिक विनोद आणि शाळा : ‘स्पीचलेस’ मालिकेच्या संदर्भात मराठी कलाकृतींचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

घरातील अपंग मूल हा विषय मराठी रंगभूमीला आणि मराठी चित्रपटाला नवा नाही. जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक, ‘चौकट राजा’ (१९९१), ‘श्वास’ (२००४) आणि ‘यलो’ (२०१४) हे चित्रपट अशी या विषयाची एक ठळक परंपराच सांगता येते. या कलाकृतींनी मराठी प्रेक्षकाला अंतर्मुख केले, पुरस्कार मिळवले आणि अपंगत्वाविषयी समाजात बोलले जाण्यास वाव दिला, हे निर्विवाद आहे. तथापि या परंपरेचा स्थायी सूर करुण आहे. ज्या भाषेत कौटुंबिक विनोदाची परंपरा इतकी समृद्ध आहे, त्या भाषेत अपंग मुलाचे घर हे हसत्या-भांडत्या, चारचौघांसारख्या घराच्या रूपात क्वचितच का आले, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २०१६ ते २०१९ या काळात प्रसारित झालेली ‘स्पीचलेस’ ही कौटुंबिक विनोदी मालिका या प्रश्नाकडे वळण्यास उपयुक्त ठरते. सेरेब्रल पाल्सी असलेला एक किशोरवयीन मुलगा, त्याचे कुटुंब आणि त्याची शाळा हा या मालिकेचा विषय आहे. तिच्या प्रकाशात मराठी कलाकृतींचे वाचन करणे, तसेच महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाच्या प्रत्यक्ष अनुभवाशी ते ताडून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘अपंग’, ‘विकलांग’, ‘विशेष गरजा असणारी’ आणि २०१५ नंतर शासनव्यवहारात रूढ झालेला ‘दिव्यांग’ असे अनेक शब्द आज वापरात आहेत. शारीरिक वा बौद्धिक उणीव आणि समाजरचनेने निर्माण केलेला अडथळा या दोहोंचा एकत्रित निर्देश करण्यासाठी येथे ‘अपंगत्व’ हीच संज्ञा योजली आहे. ‘मतिमंद’ हा शब्द केवळ त्या त्या काळातील व्यवहाराचा निर्देश म्हणून आला आहे.

‘स्पीचलेस’ : संघर्षाचे स्थान

स्कॉट सिल्व्हेरी हे या मालिकेचे निर्माते-लेखक. त्यांच्या स्वतःच्या भावाला सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे मालिकेला घरातील अनुभवाचा आधार आहे. जेजे डिमेओ ही मध्यवर्ती भूमिका मायका फाउलर या अभिनेत्याने केली. फाउलर यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. जेजे बोलू शकत नाही. डोक्याला बसवलेल्या लेझर दर्शकाने तो फलकावरील अक्षरे व शब्द दाखवतो आणि त्याच्या सोबतची व्यक्ती ते मोठ्याने वाचते. मालिकेच्या भागांची शीर्षकेही याच पद्धतीने, आधी सुटी अक्षरे आणि मग पूर्ण शब्द, अशी दिलेली आहेत. अपंगत्वाचा तपशील येथे केवळ कथावस्तूत राहत नाही, तो मालिकेच्या भाषेतही उतरतो.

पहिल्या भागातील प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जेजेला योग्य शाळा मिळावी म्हणून कुटुंब एका श्रीमंत वस्तीतील मोडकळीस आलेल्या घरात राहायला येते. शाळा स्वतःला सर्वसमावेशक म्हणवते. प्रत्यक्षात चाकाच्या खुर्चीसाठी जो रॅम्प दाखवला जातो, तो इमारतीच्या मागे आहे आणि त्यावरून शाळेचा कचराही नेला जातो. जेजेची आई माया (मिनी ड्रायव्हर) यावरून मुख्याध्यापिकेशी भांडते. दुसरीकडे वर्गातील मुले जेजेला अद्याप ओळखतही नसताना उभे राहून टाळ्या वाजवतात आणि विद्यार्थी-अध्यक्षपदासाठी त्याचे नाव पुढे करतात. कचऱ्याचा रॅम्प आणि टाळ्यांचा कडकडाट ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. पहिल्यात व्यक्तीची उपेक्षा आहे, दुसऱ्यात तिचे उदात्तीकरण आहे आणि दोन्हींत जेजे हा मुलगा कोण आहे, याची चौकशी नाही.

या प्रसंगातील विनोद जेजेच्या शरीरातून उद्भवत नाही. शाळेचे शब्द आणि शाळेची इमारत यांतील विसंगतीतून तो उद्भवतो. पुढे जेजेसाठी नेमलेल्या मदतनीस स्त्रीचा मंजुळ स्वर त्याला स्वतःचा आवाज म्हणून नकोसा वाटतो आणि शाळेतील कर्मचारी केनेथ त्याचा ‘आवाज’ बनतो. आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरवण्याचा अधिकार ही खरे तर गंभीर बाब आहे. मालिका तो अधिकार हसत हसत मांडते.

अर्थात या चित्रणामागे कायद्याचा पाया आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग बालकाला योग्य व मोफत शिक्षणाचा आणि त्याच्यापुरता स्वतंत्र शैक्षणिक आराखडा मिळवण्याचा हक्क दिला. तो आराखडा ठरवण्याच्या बैठकीत पालकाला स्थान दिले. मायाचे भांडण विनोदी वाटते याचे कारण ती हक्काच्या भूमीवर उभी राहून भांडते. याचनेच्या भूमीवर उभी असती, तर तेच भांडण करुण झाले असते.

करुणेची मराठी परंपरा :

‘नातीगोती’मध्ये दळवींनी मतिमंद मुलाच्या वयात येण्याने मध्यमवर्गीय जोडप्याच्या सहजीवनावर येणारा ताण धीटपणे मांडला. मुलाच्या लैंगिक वाढीचा प्रश्न त्या काळी रंगमंचावर आणणे हे धाडसच होते. ‘चौकट राजा’मध्ये संजय सूरकर यांनी बालपणीच्या अपघातामुळे बौद्धिक वाढ खुंटलेला नंदू, त्याची आई आणि अनेक वर्षांनी भेटलेली बालमैत्रीण मीनल यांची कथा सांगितली. दिलीप प्रभावळकर यांचा नंदू, सुलभा देशपांडे यांची आई आणि स्मिता तळवलकर यांची मीनल या भूमिका आजही प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. नंदूला शिकवण्यासाठी मीनल धडपडते. परंतु चित्रपटाचे नाट्य शिक्षणव्यवस्थेभोवती उभे राहत नाही. ते मीनलच्या मनातील ऋणभावना आणि तिच्या पतीची अस्वस्थता यांभोवती उभे राहते. नंदूचे भवितव्य एका सहृदय स्त्रीच्या चांगुलपणावर अवलंबून राहते.

‘श्वास’मध्ये संदीप सावंत यांनी डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणाऱ्या परशुरामची कथा कमालीच्या संयमाने मांडली. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट. शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला जग दाखवून आणणारे आजोबा हा त्याचा कळस आहे. मात्र मूल गावी परतल्यानंतर त्याच्या शाळेचे काय, ब्रेल कोण शिकवणार, हा प्रश्न चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहतो. हा त्या कलाकृतीचा दोष मानण्याचे कारण नाही. तिचा विषय वेगळा आहे. पण चार कलाकृतींची परंपरा एकत्र पाहिली असता हाच प्रश्न वारंवार चौकटीबाहेर राहतो, ही बाब लक्षणीय ठरते.

‘यलो’ने या परंपरेत एक महत्त्वाचे पाऊल पुढे टाकले. डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी महेश लिमये दिग्दर्शित या चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला आणि बालवयातील गौरी साकारणाऱ्या संजना राय यांच्यासह गौरी यांचा विशेष उल्लेख झाला. अपंग व्यक्तीची भूमिका अपंग व्यक्तीनेच करावी, ही अपेक्षा ‘स्पीचलेस’च्या दोन वर्षे आधी मराठीत प्रत्यक्षात आली होती, याची नोंद घ्यायला हवी. तरीही कथेची परिणती पदकात होते. यशाने मुलीचे मोल सिद्ध होते.

हीच मर्यादा ‘तारे जमीन पर’ (२००७) या हिंदी चित्रपटातही दिसते. सातारा जिल्ह्यातील वाचकांना त्यातील निवासी शाळा परिचित आहे, कारण पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमध्ये तिचे चित्रीकरण झाले. वाचनदोष असलेल्या ईशानला निकुंभ सर ओळखतात, मुख्याध्यापकांकडे जाऊन त्याच्यासाठी तोंडी परीक्षेची सवलत मिळवतात. भारतीय चित्रपटात शैक्षणिक सवलतीची वाटाघाट इतक्या स्पष्टपणे क्वचितच आली असेल. परंतु शेवट चित्रकला स्पर्धेतील विजयाने होतो. ज्या ईशानला चित्र काढता येत नाही, त्याच्या वाट्याला कोणते निकुंभ सर येणार, हा प्रश्न उरतो. गुणवत्तेमुळे मिळणारी सहानुभूती आणि हक्कामुळे मिळणारी सोय यांत मूलभूत अंतर आहे.

शाळा काढणाऱ्या माता :

मराठी कलाकृतींतील आई प्रामुख्याने सोसणारी आहे. प्रत्यक्ष इतिहासातील पालक मात्र पुष्कळदा वेगळे दिसतात. मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून शाळा सुरू केली. तीच पुढे ‘जय वकील’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ची स्थापना केली. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. तिच्यामागे त्यांची कन्या मालिनी हिच्या शिक्षणाचा प्रश्न होता. मालिनी चिब यांनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात व इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. या अनुभवजगाशी जवळचे नाते असलेला ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) हा शोनाली बोस यांचा चित्रपट. त्यातील नायिकेची आई महाराष्ट्रीय दाखवली आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला कुतूहलाची वाटेल.

या इतिहासात जागा मिळवणे, मान्यता, शिक्षकांचे प्रशिक्षण, अनुदान, वाहन असे असंख्य व्यावहारिक झगडे अंतर्भूत आहेत. कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणारी, प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभी राहणारी, मुख्याध्यापकांच्या दारात नियम वाचून दाखवणारी आई महाराष्ट्रात होती आणि आहे. ती मराठी पडद्यावर फारशी आली नाही. ‘स्पीचलेस’मधील माया ही तिच्याच जातकुळीतील स्त्री आहे. ती उद्धट आहे, कधी चुकते, इतर दोन मुलांकडे तिचे दुर्लक्ष होते. मराठी कलाकृतीने आईला त्यागाच्या मखरात बसवले आणि तिच्या चुकण्याचा, चिडण्याचा अधिकार काढून घेतला. मखरातील व्यक्ती विनोदाचा विषय होऊ शकत नाही, तशीच ती तक्रारही करू शकत नाही.

साहित्यात मात्र निराळा सूर उमटला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आणि १९८४ पासून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेद्वारे त्यांनी उभे केलेले वसतिगृह व शाळांचे काम यांत व्यक्तिगत दुःख संस्थात्मक कृतीत रूपांतरित झालेले दिसते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ यांना बालपणीच्या अपघातानंतर चाकाची खुर्ची वापरावी लागली. ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांचे स्फुटलेखन आत्मकरुणा टाळते, रोजच्या जगण्यातील अडचणींकडे मिश्कीलपणे पाहते. कौटुंबिक विनोदाला लागणारी सामग्री मराठीत नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

कोण हसते आणि कोणाला :

विनोद आणि अपंगत्व यांचा संबंध जोडताच एक रास्त शंका निर्माण होते. आपल्याकडील प्रहसनांत आणि चित्रपटांत तोतरा, बहिरा, चकणा ही पात्रे हुकमी हशा मिळवण्यासाठीच येत असतात. ‘गोलमाल’ (२००६) मधील मुका लकी किंवा ‘गोलमाल ३’ (२०१०) मधील अडखळत बोलणारा लक्ष्मण ही अलीकडची उदाहरणे होत. अशा परंपरेत गंभीर लेखकाने विनोदापासून दूर राहणे पसंत केले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. उपहास टाळण्यासाठी त्याने करुणेचा आश्रय घेतला.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा प्रकरणात दिलेला निर्णय या पेचातून वाट दाखवतो. ‘आँख मिचोली’ या चित्रपटाच्या निमित्ताने आलेल्या या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दोन प्रकारच्या विनोदांत भेद केला. एक विनोद अपंग व्यक्तीला हीन लेखून तिला अधिकच अपंग करतो. दुसरा अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना आव्हान देतो आणि समज वाढवतो. चित्रणाच्या प्रक्रियेत अपंग व्यक्तींचा सहभाग असावा, असेही न्यायालयाने सुचवले. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर विनोदाचे लक्ष्य शरीर आहे की व्यवस्था आहे, हा निकष येथे मिळतो. ‘गोलमाल’मध्ये लक्ष्य शरीर आहे, ‘स्पीचलेस’मध्ये कचऱ्याचा रॅम्प आहे.

या ठिकाणी एक योगायोग अर्थपूर्ण वाटतो. ‘चौकट राजा’त नंदू साकारणारे दिलीप प्रभावळकर हेच पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या लोकप्रिय कौटुंबिक मालिकेचे आबा झाले. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेने सामान्य घरातील किरकोळ घटनांतून निर्मळ विनोद साधला. एकाच अभिनेत्याने दोन्ही घरे समर्थपणे उभी केली. पण टिपऱ्यांच्या घरात नंदू कधी राहायला आला नाही आणि नंदूच्या घरात टिपऱ्यांचे हसू शिरले नाही. मराठी मनाने ही दोन घरे निरनिराळी मानली. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सितारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटात बौद्धिक व विकासात्मक वेगळेपण असलेल्या १० कलावंतांनी विनोदी कथेत कामे केली. ही भिंत पडू शकते, याचा तो निर्देश आहे. पण तोही क्रीडास्पर्धेची कथा सांगतो. रोजच्या घराची आणि शाळेची कथा अजून बाकी आहे.

‘स्पीचलेस’च्या मर्यादा :

ही मालिका आदर्श मानण्याचे कारण नाही. विनोदी मालिकेच्या रचनेनुसार प्रत्येक भागात प्रश्न उद्भवतो आणि सुमारे २० मिनिटांत सुटतो. शाळेशी झालेले भांडण कुटुंब बहुधा जिंकते. जेजेला स्वतंत्र मदतनीस मिळतो आणि मालिकेच्या अखेरीस तो उच्च शिक्षणासाठी घर सोडण्याच्या उंबरठ्यावर पोहोचतो. मायाचा आत्मविश्वास तिच्या भाषेवरील प्रभुत्वातून आणि व्यवस्थेच्या परिचयातून आलेला आहे. ज्या पालकाला कायदा ठाऊक नाही, ज्याला मजुरी बुडवून शाळेत यावे लागते, त्याच्यासाठी माया हे प्रारूप पुरेसे नाही. शिवाय मुलाची बौद्धिक क्षमता अबाधित असल्यामुळे त्याचे मिश्कील प्रत्युत्तर शक्य होते. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या घरातील विनोद कसा असेल, याचे उत्तर ही मालिका देत नाही. ‘नातीगोती’ने तो अवघड प्रदेश निवडला होता, हे तिचे श्रेष्ठत्व मान्य केलेच पाहिजे.

कायदा, वर्ग आणि गाव :

आज भारतातही हक्काचा पाया कायद्याने घातलेला आहे. १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम ही त्याची टप्प्याटप्प्याने झालेली वाटचाल होय. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांवर समावेशक शिक्षणाची, प्रवेशयोग्य इमारतीची आणि आवश्यक सोयींची जबाबदारी टाकली. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्ती होत्या. प्रश्न तुरळक घरांचा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु हक्क कागदावरून वर्गात येण्याचा मार्ग लांब असतो. शिरवळसारखे महामार्गावरील गाव या दृष्टीने विचारात घेता येईल. पुणे सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि विशेष शाळा, उपचारकेंद्रे मुख्यतः तेथे एकवटलेली आहेत. रोजचा प्रवास, वसतिगृह किंवा गावातील सर्वसाधारण शाळा यांतून अशा गावातील पालकाला निवड करावी लागते. सर्वसाधारण शाळेत मूल हजेरीपटावर असते, फिरत्या विशेष शिक्षकाची भेट ठरावीक अंतराने होते आणि उरलेल्या दिवसांत वर्गशिक्षकाची समज हाच त्याचा आधार असतो. डिमेओ कुटुंबाने चांगल्या शाळेसाठी वस्ती बदलली. येथील शेतकरी वा कामगार कुटुंबाला गाव बदलणे परवडत नाही. म्हणून शाळेनेच बदलावे लागते.

सातारा जिल्ह्याला या विचाराचा वारसा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हा मुलांनी शाळेस योग्य व्हावे एवढीच त्यांची भूमिका नव्हती. वसतिगृहाच्या रूपाने शाळेला मुलांच्या परिस्थितीपर्यंत नेण्याची ती योजना होती. समावेशक शिक्षणाचे तत्त्व याहून फार निराळे नाही. त्या वारशाचा विस्तार अपंग विद्यार्थ्यापर्यंत करणे हे आजचे कार्य होय.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. मराठी कलाकृतींनी अपंगत्वाकडे प्रामुख्याने दैव, नाते आणि त्याग यांच्या चौकटीतून पाहिले. त्यामुळे संघर्ष घरात आणि मनात राहिला, शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचला नाही. ‘स्पीचलेस’ने तो फाटकावर आणला आणि म्हणूनच तिला विनोद साधला. मराठीत अपंग मुलाच्या घरावर विनोदी कलाकृती फारशी आढळत नाही, यामागे विनोदबुद्धीचा अभाव असल्याचे दिसत नाही. हक्काची भावना समाजात पुरेशी रुजलेली नसणे हे त्याचे अधिक संभाव्य कारण आहे. हक्क असलेला माणूस नकारावर हसू शकतो, हक्क नसलेल्याला त्यावर रडावे लागते.

या निष्कर्षाचा संबंध केवळ कलासमीक्षेशी नाही. महाविद्यालयांत ‘चौकट राजा’ वा ‘श्वास’ अभ्यासताना अभिनय आणि भावपरिणाम यांबरोबरच त्या मुलाच्या शाळेचा प्रश्नही चर्चेत यावा. चर्चा संपल्यावर विद्यार्थ्यांनी आपल्याच इमारतीच्या पायऱ्या, स्वच्छतागृह आणि परीक्षेतील लेखनिकाची व्यवस्था यांची पाहणी करावी. अपंग विद्यार्थ्यासाठीचा रस्ता इमारतीच्या मागून जात असेल, तर वर्गातील समीक्षा अपुरी राहिली असे समजावे लागेल.